न धुतलेला कोट

सोमवार, ६ नोव्हेंबर

नाटक पडलं! पडलं म्हणजे काय, आधीच आडवं होतं, काल झोपलंच. पुढच्या रांगांत आमचेच नातेवाईक, मागे नुसत्या खुर्च्या. मालक विंगेत पोटावर हात ठेवून उभे. पोटात दुखत नव्हतं, पोटावर पाय आला होता.

ह्यांनी मात्र मनापासून काम केलं. तोच तर घोळ आहे — ह्यांचं मनापासून केलेलं काम दिसतं. हात वर गेला की कळतं, आता हात वर गेला. आयुष्य गेलं ट्रे घेऊन येणारा नोकर नाहीतर दुसरा शिपाई करण्यात. पन्नाशी उलटल्यावर पहिली मोठी भूमिका — मुलीची वाट बघत थंडीत मरणारा म्हातारा पहारेकरी. मी बायको, आणि कंपनीचा कपडेपटही माझ्याच ताब्यात. म्हणजे दोन्हीकडून गप्प बसायचं.

बुधवार, ८ नोव्हेंबर

दिग्दर्शकाला मी अस्सलराव म्हणते. तोंडावर नाही. त्यांना सगळं अस्सल लागतं. आज पहारेकऱ्यासाठी कोट घेऊन आले — पुलाखाली झोपणाऱ्या एका माणसाच्या अंगावरून! बदल्यात स्वतःचं नवं जाकीट दिलं म्हणे. "आणि गंमत सांगू वहिनी? एवढ्या थंडीत तो घामाघूम. म्हणतो, घेऊन जा, मला गरम होतंय!" स्वतःच हसून हसून बेजार झाले.

मी बादलीकडे वळले तर ओरडलेच. "पाणी लावाल तर याद राखा! हा वास, हे डाग तुम्हाला सात जन्मात जमायचे नाहीत."

म्हटलं, वास प्रेक्षकांपर्यंत जात नाही, नटापर्यंत जातो.

"मग नटालाच हवाय तो!"

रविवार, १२ नोव्हेंबर

टाळ्या! खऱ्या, विकत न घेतलेल्या. कोट अंगावर आला आणि ह्यांचे खांदे आपोआप वाकले. थोडेच, पण वाकले. मालकांनी लगेच जाहीर केलं — आता हा कोट धुवायचा नाही. चालत्या नाटकाचा कपडा धुतला की यश वाहून जातं. आमच्या धंद्यात हे शेंबडं पोरही जाणतं. मीही मानते. एका नाटकात नायिकेची ओढणी मी वर्षभर तशीच ठेवली होती. उभी केली तर उभी राहिली असती.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

उवा.

कोटाच्या बगलेतली शिवण उसवली होती, ती घालायला बसले तर शिवणीत रांगेने बसलेल्या! डोक्यातल्या नव्हेत, कपड्यातल्या. अंडी टाक्यांना घट्ट चिकटलेली. दोन अंगठ्यांच्या नखांत धरून एकेक चिरडली. लहानपणी बहिणीच्या केसांतल्या मारायचे तशी. टचटच वाजत होत्या. नखं लाल झाली. ते रक्त कुणाचं, हे नंतर लक्षात आलं.

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "माहीत आहे गं. चावतात. भूमिकेला बरंच पडतं, खाजवण्याचा अभिनय करावा लागत नाही." बनियन वर केला. कमरेला, पाठीला सगळे ओरखडे. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता उकळते तो कोट. तर हात धरला. "मालकांना बोलू नकोस. एवढ्या वर्षांनी लोक मला बघायला येतायत." मी इस्त्री तापत ठेवली.

गरम इस्त्री शिवणींवरून दाबून फिरवली. पण खांद्यांच्या आतल्या गादीत इस्त्री कुठली पोचायला!

मंगळवार, ५ डिसेंबर

सकाळपासून ह्यांना ताप. डोळे लाल, डोळ्यांच्या मागे ठणका, आणि नडग्या — "हाडात सुतार बसलाय गं." मी म्हटलं, प्रयोग रद्द करा. छे! उभे राहिले.

आणि काय उभे राहिले! पहिल्या प्रवेशातच लंगडत आले. हात थरथरत होते. मुलीला हाक मारली तेव्हा आवाज फाटला. हात वर कधी गेला, मला कळलंच नाही. पुढच्या प्रवेशाची शाल माझ्या हातातच राहिली. पडदा पडला आणि उठून उभेच राहिले सगळे! अस्सलराव विंगेत रडले. मीही. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

शनिवार, ९ डिसेंबर

ताप उतरला. काम बरं झालं. नुसतं बरं. बाकी कुणाला फरक कळला नाही.

रंगपटात तोंड पुसता पुसता म्हणाले, "आज नाही ना झालं?" मी शर्टांच्या घड्या घालत राहिले.

सोमवार, ११ डिसेंबर

ताप परत आला. हाऊसफुल्ल. वर्तमानपत्रात मोठा लेख — "अंगावर काटा आणणारा पहारेकरी". मालकांनी तो फ्रेम करून तिकीट खिडकीत लावला.

प्रयोगाआधी ह्यांनी माझा हात स्वतःच्या कपाळावर ठेवला. "बघ गं, आहे का?"

"आहे."

"बरं झालं."

मला ते मुळीच आवडलं नाही.

सोमवार, १८ डिसेंबर

ताप येतो, जातो, पुन्हा येतो. आला की नाटक चढतं, गेला की उतरतं. आज ओढत कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाटक बघितलंय! निम्मा वेळ त्यावरच बोलले. "हवा बदललीय, विश्रांती घ्या," आणि तापाच्या गोळ्या. मी उवांचं सांगायला तोंड उघडलं तर ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मी गप्प बसले. का बसले? मलाही त्या टाळ्या हव्या होत्या, दुसरं काय. रस्त्यात लोक आता मला नमस्कार करतात.

गुरुवार, २८ डिसेंबर

हे जिना चढताना मध्येच बसले. कोटाच्या बाह्या आता सैल पडायला लागल्यात. अस्सलराव म्हणतात, "बघा, भूमिका कशी अंगात मुरतेय!" यांच्या अस्सलपणाला आग लागो.

मंगळवार, २ जानेवारी

ह्या ओळी दवाखान्याच्या बाकावर लिहितेय. काल प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला आणि तसेच खाली गेले. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. टाळ्या चालूच! मी पडदा पाडा म्हणून ओरडत होते.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हसत नाहीत. छातीला नळी लावून खूप वेळ ऐकत राहिल्या. मग एकेक प्रश्न. घरात कुत्रं आहे? गोचीड चावली? उंदीर? मांजरानं ओरबाडलं? हे नाही नाही म्हणत होते. मी म्हटलं, उवा. ह्यांनी पाय दाबायला पाय हलवला, पण अंगात ताकद कुठे होती!

"डोक्यातल्या?"

"नाही. कोटातल्या."

खुर्चीवरून उठल्याच. मग सांगितलं ते असं — या उवांच्या विष्ठेत जंतू असतात. चावलं की आपण खाजवतो, आणि आपल्याच नखांनी ती घाण ओरखड्यात चोळतो. रक्तातून तो जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलाय. झडप कुरतडतोय. "किती दिवस ताप अंगावर काढलात काकू?" मी बोटांवर दिवस मोजायला लागले. माझी नखंही बघितली. चिरडायच्या नसतात म्हणे. मला त्या दिवशी किती हुशार वाटलं होतं!

बुधवार, ३ जानेवारी

कोट उकळला. मोठ्या पातेल्यात. पाणी आधी तपकिरी झालं, मग काळं. मालक दारात येऊन उभे. "वहिनी, अहो, नाटक उकळताय तुम्ही!"

म्हटलं, शिजू द्या नीट. कच्चंच होतं.

मग मी सगळ्यांसमोर बोलले — उवा, ताप, झडप, सगळं. ज्याच्या ज्याच्या अंगावर तो कोट गेला त्यानं तपासून घ्यावं म्हटलं. अस्सलराव मान खाजवत होते. खाजवता खाजवता हात खाली घेतला आणि तसेच निघून गेले. दवाखान्यातच गेले, हे नंतर कळलं. प्रयोग बंद.

शनिवार, २७ जानेवारी

घरी आणलं! इंजेक्शनांनी दंड निळे झालेत, पण ताप नाही. काल पोटभर जेवले. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय — गोळ्या अजून बरेच दिवस, सकाळ-संध्याकाळ. बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. "झडप अर्धी खाल्ली गेलीय काका. आजार उलटला तर पुन्हा वाचवता येईलच असं नाही." ह्यांनी शाळेतल्या मुलासारखी मान हलवली. मलाही गोळ्या आहेत. दोघं समोरासमोर बसून घेतो. मी सुखात आहे, हे लिहायला भीती वाटते.

रविवार, १८ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, बेताने काम करा म्हणून. पुन्हा प्रयोग. स्वच्छ कोट, इस्त्रीचा. हे ठणठणीत.

हात वर गेला. कळलं.

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं, मग सगळेच खोकायला लागले. मालक मला म्हणाले, "मी बोललो होतो वहिनी. धुतला, गेलं." कोटाचं काही नाही हो, असं मी म्हणणार होते. पण मग कशाचं, ते सांगावं लागलं असतं.

रंगपटात हे आरशासमोर बसून राहिले. मिशी अर्धी काढलेली. "तो मी नव्हतोच गं. तो ताप होता."

"काहीतरीच काय! तुम्हीच होतात."

माझ्याकडे बघून हसले. "तू खोटं बोलताना अगदी माझ्यासारखा अभिनय करतेस."

सोमवार, २६ फेब्रुवारी

निम्मं नाट्यगृह रिकामं. मालक दुसरा नट बघतायत असं कानावर आलं. हे गोळ्या आता स्वतःच्या स्वतः घेतात, मला काढून देऊ देत नाहीत. "मी काय कुकुलं बाळ आहे?" म्हटलं, बरं बाबा.

रविवार, १० मार्च

काय लिहू! आज झालं!

धड असूनही झालं. पहिल्या प्रवेशापासूनच. तो आवाज, ते पाय ओढणं, हाताची ती थरथर, सगळं परत आलं. मुलीला हाक मारली तेव्हा माझ्या शेजारी उभा असलेला दिवेवाला डोळे पुसत होता. लोक उठून उभे! म्हणजे ते ह्यांच्यातच होतं. तापाचं नव्हतं, कोटाचंही नव्हतं. एवढी वर्षं आत दडलेलं होतं आणि त्या आजारानं वाट दाखवली, एवढंच. मी धावत रंगपटात गेले. गळ्यात पडणार तर हे मागे सरले. "थांब, रंग लागेल तुला." विचारलं, केलंत तरी कसं? म्हणाले, "सापडलं गं. आता जाणार नाही."

मालकांनी पुढच्या महिन्याचे प्रयोग लावले. येताना दोघं पायी आलो. वाटेत हे दोनदा थांबले, चांदणं छान पडलंय म्हणाले. मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

सोमवार, ११ मार्च

ह्यांच्या रंगपेटीतल्या डब्यात नवी पावडर भरायला घेतली. डबा जड लागला. तळाशी पावडरीत पुरलेल्या गोळ्या. सगळ्या.

हे आतल्या खोलीत अंथरुणात पडून संवाद म्हणतायत. इतके सुंदर कधीच म्हटले नव्हते.