मागच्या गेटाला कुलूप

३ मार्च, सोमवार

झालं. सोसायटीचं मागचं गेट आजपासून संध्याकाळी सातनंतर बंद — महिलांच्या सुरक्षेसाठी! स्कूटरवाला गल्लीत मोकळाच. अंगाला हात लावून पुढे जातो, वळून परत येतो. काल मीटिंगमध्ये तक्रार केली, गळती आणि पार्किंगचे विषय संपल्यावर. सेक्रेटरी श्यामसुंदरकाका गंभीर झाले आणि त्यांनी कुलूप आणलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. पुढचं गेट गल्लीच्या पार टोकाला. म्हणजे ऑफिसातून येताना आता त्याच गल्लीत दुप्पट चालायचं.

५ मार्च

आईचा सल्ला — खाली बघ, भरभर चाल. मावशीचा — सेफ्टी पिन ठेव. श्यामसुंदरकाकांचा — ओढणी घेत जा. ओढणी होती काका. तीच त्याने ओढली.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. क्लबहाउसमध्ये स्वसंरक्षणाचं प्रात्यक्षिक. हल्लेखोर म्हणून उभे राहिले सत्तरीचे देवव्रत जोशी. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. "हळू गं, हळू," त्यांची बायको प्रत्येकीला सांगत होती. आम्ही हळू लाथा मारल्या. मग ढोकळा.

१० मार्च

ऑफिसातली जया गोवंडीला राहते. कुलपाची गोष्ट ऐकून पोट धरून हसली. "आमच्याकडे गेटच नाही गं. बंद काय करणार?" मग म्हणाली, "शिवी देऊ नको. लोकं शिवी ऐकतात नि तुझ्याकडेच बघत बसतात. शर्टाचा रंग सांग, काय केलं ते सांग. आणि मदत सगळ्यांकडे नको मागू. एकाकडे बोट दाखवून माग."

इतकं साधं आजवर कुणी का सांगितलं नाही?

११ मार्च

बाथरूममध्ये सराव केला. "निळा शर्ट! हात काढ!" आवाज डक्टमधून पार वरपर्यंत गेला. बघता बघता अख्खी विंग दारात. वरचे नाना नेमके निळ्या शर्टात, शेजारी त्यांची बायको, चेहरा बघण्यासारखा. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच सूचना — महिलांनी आवाज मर्यादेत ठेवावा. गल्लीत मात्र या सगळ्यांचे कान बसलेले असतात.

आईने सगळ्यांची हात जोडून माफी मागितली. दार लावल्यावर म्हणाली, "बोलून काही होत नाही गंधाली." मला तिचा भयंकर राग आला.

१३ मार्च, गुरुवार

तो आला. आणि आवाज फुटला! "पिवळा टीशर्ट! माझ्या छातीला हात लावला यानं. मावशी, तुम्ही — चावी काढा त्याची!" कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या सुंदराबाईंनी मेथीची जुडी टाकली आणि स्कूटरची चावी काढली. "आता कुठं पळतो रे?" मग लोक जमले. चावी हातात आल्यावर सगळेच शूर.

पोलीस स्टेशनात हवालदाराने विचारलं, "कपडे काय होते?"

"पिवळा टीशर्ट, जीन्स."

"तुमचे, मॅडम."

"माझे कशाला? हात त्याने लावला."

त्याने पुढचा प्रश्न विचारला.

१५ मार्च

तो म्हणतो, चुकून धक्का लागला. पहिल्यांदाच असं झालं. काका म्हणतात, तक्रार मागे घे — उगाच बोभाटा होईल, मुलुंडमध्ये फ्लॅटला भाव मिळवणं किती कठीण झालंय! सुंदराबाई जबाब द्यायला तयार आहेत. आई जेवली पण नाही. तिलाही तक्रार मागेच घेतलेली हवी असणार.

१६ मार्च, रविवार

सकाळी आई साडी नेसून तयार. "पोलीस स्टेशनला जायचंय." मी वाटभर भांडले तिच्याशी. ती हवालदाराच्या टेबलासमोर बसली, त्याच स्कूटरवाल्याचं नाव घेतलं आणि म्हणाली, "माझीही तक्रार लिहून घ्या. दिवाळीपासूनची आहे."