रोट किती वेळ भाजायचा

मुक्काम बेंबळी, महिना बहमन, १३५३ फसली

आपा शरिफाबी हिला धाकट्या भावाचा, हैदरचा सलाम, आणि हे पत्र तिला वाचून दाखवणाऱ्या दुल्हाभाईंना दोन सलाम. (दुल्हाभाई, तुमच्या इंग्रजी हद्दीत, बार्शीला, सध्या डिसेंबर चालू असेल. आमच्याकडं निजाम सरकारचा बहमन आहे. थंडी सारखीच.) आपा, तुझी कंबर कशी आहे? मुलांचा खोकला गेला का? इकडं सर्व खुशाल आहे.

अम्माला जाऊन आज चोवीस दिवस झाले. माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळं घरात अब्बा, मी आणि शेळी असे तिघं आहोत, आणि तिघांत बोलते ती शेळीच. अब्बा दिवसभर बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले असतात. भाकरीचा चतकोर चहात बुडवतात आणि तसाच ठेवून देतात. (तो शेळी खाते. तिची तब्येत उत्तम आहे.) ईदेला सदरा शिवला तेव्हा अब्बांची छाती छत्तीस होती. परवा ते उठून बसले असताना सहज टेप लावून पाहिली, तर तेहतीस भरली. शिंप्याचा धंदा असल्यानं अशा गोष्टी मला नको असताना कळतात. आपा, मला भीती वाटते.

जुम्मेरातीला ते आपणहून एकच वाक्य बोलले, "तुज्या अम्माचा रोट असता तर खाल्ला असता." मी सुई ठेवली आणि चुलीपाशी जाऊन बसलो. रोट तुला माहीतच आहे. रव्याच्या दोन जाड पोळ्या, मधे गूळ, खोबरं, खसखस, कडा दाबून तांब्याच्या पातेल्यात ठेवायच्या, खाली निखारे आणि झाकणावर निखारे. कडा दाबताना माझा हात सवयीनं तुरपई घालायला लागला, आणि ती इतकी सुबक झाली की रोट भाजायचं जिवावर आलं. पण निखारे किती वेळ ठेवायचे, हे अम्मानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पहिला रोट आतून ओला निघाला. दुसऱ्याचा कोळसा झाला. तो शेळीपुढं ठेवला, तर तिनं वास घेऊन माझ्याकडं असं पाहिलं की मीच मान खाली घातली.

शेवटी भिंतीपलीकडच्या कस्तुराबाईला विचारलं. ती म्हणाली, "मला काय ठाव बाबा? निखारं झाकनावर पडलं की हसीनाबी तुज्या बापाला बोलाय लागायची. तिचं बोलनं सरलं की वास सुटायचा."

आता बापाला बोलायचं कसं? मी जन्मात त्यांच्यापुढं मोठ्यानं शिंकलो नाही. तरी तिसरा रोट लावला, निखारे ठेवले, हात बांधून बाजेपाशी उभा राहिलो आणि म्हणालो की अब्बा, माफ करा, पण तुम्ही येडशीहून आणलेली म्हैस भाकड निघाली. तेवढ्यात भिंतीकडं तोंड केलेल्या अब्बांचा आवाज आला, "म्हशीच्या आदी छप्पर असतंय."

आणि ते स्वतःच सुरू झाले. गळकं छप्पर, मग म्हैस, मग तुझ्या लग्नात दुल्हाभाईंच्या वडलांना पाणक्या समजून घागरी भरायला लावल्या ते. (दुल्हाभाई, ही ओळ गाळा.) सगळं अम्माच्या क्रमानं, तिच्याच ठेक्यात. तीस वर्षं ऐकून त्यांना पाठ झालेलं. मी पदरासारखा रुमाल तोंडाला लावून हसू दाबत होतो. मग त्यांनी अम्माच्या शेवटच्या दुखण्यातली एक गोष्ट घातली, जी अम्मानं कधीच सुनावली नव्हती. "आन् धाराशिवच्या हकिमाला आनाय येक दिस उशीर केला."

वास सुटला तसं मी झाकण काढलं. रोट बदामी रंगाचा झाला होता. कस्तुराबाई पलीकडं उगीचच खोकली. अब्बांनी तुकडा हातात घेतला, बराच वेळ धरला आणि ताटलीत परत ठेवला. "कच्चा हाय," म्हणाले. "तिचं बोलनं अजून सरलं न्हाय."

रोट कच्चा नव्हता, आपा. मी खाऊन पाहिला. हुबेहूब अम्माचा. मग माझ्याच्यानं तो संपवला गेला नाही.

तुझा,
हैदर

ता. क. वर 'सर्व खुशाल आहे' असं लिहिलंय ती पत्राची रीत. (दुल्हाभाई, ते वाचून झालं असेल तर परत घ्या.)

आणखी एक ता. क. अम्माच्या चाळिसाव्याला तू येशीलच, पण त्याला अजून सोळा दिवस आहेत, तोवर टेप तिसावर येईल. तुझा आवाज थेट अम्माचा आहे. (हे दुल्हाभाईंना मी सांगायला नको.) पत्र मिळताच नीघ. रोट मी लावतो, तू छपरापासून सुरू कर, काही गाळू नको. हकिमापाशी आलीस की अम्मा बोलली असती तसंच त्यांना बोल, "बैल लंगडा झाला म्हून तुमी धाराशिवपतुर चालत गेलाव, म्या खाटंवरनं बघत हुते. आता उठा आन् गुमान खावा."