पावडरीचा डबा आणि उशीखालचा लिफाफा

आधी माफी मागतो. हे चार वर्षांपूर्वी, बायको गेली तेव्हाच लिहायला हवं होतं. मी सातवी नापास, कोंबड्यांच्या दोन शेडचा मालक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचा दबाव नसताना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, तसा दाखला जोडला आहे. गुरुवारी पायाचं ऑपरेशन आहे.

१. राहतं घर धाकट्या मुलाला. मागचं छप्पर गळतं हे त्याला दहादा सांगितलं. आता स्वतःच भिजेल.

२. बँकेतली ठेव सुनेला, तिच्या एकटीच्या नावे. माझ्या पायाची जखम ती रोज धुते आणि नाक मुरडत नाही.

३. शिडी, करवत, वजनकाटा शेड बांधणाऱ्या सुताराला. औषधविक्या गोडबोल्याला काहीही देऊ नये. तो म्हणायचा, "काका, आजाराची वाट कशाला बघता? ही जंतू मारायची पावडर पाण्यात रोज टाका, कोंबड्या वजनही धरतात." अठरा वर्षं मी आजारी आणि धडधाकट सगळ्या पक्ष्यांना पावडर पाजली. त्याच्या एकट्याच्या माथी मारत नाही. डबा माझ्या हातात होता.

४. दोन्ही शेड थोरल्या मुलीला. ती जनावरांची डॉक्टर. जेवताना म्हणाली होती, "बाबा, रोज थोडं थोडं दिलं की जंतू औषधाला सरावतात. ते माणसात आले की मग औषध चालत नाही." मी म्हणालो, तुझं शिक्षण या शेडनीच केलं. ती ताटावरून उठली, ती आईच्या आजारपणापुरतीच परत आली.

५. उशीखालचा लिफाफाही तिलाच. त्यात तिच्या आईचा रिपोर्ट आहे. कोंबड्यांच्या पाण्याचं भांडं घासताना पत्र्याने आईचा हात कापला, तो चिघळतच गेला. रिपोर्टवर औषधांची नावं होती. डॉक्टर म्हणाले, यातलं एकही चालत नाही. मला इंग्रजी येत नाही, पण तिसरं नाव मी ओळखलं. तीच अक्षरं इतकी वर्षं पावडरीच्या डब्यावर पाहिली होती. डॉक्टरांनी विचारलं, "कोंबड्यांना काय देता?"

मी म्हणालो, "ताकदीचं."

बायको माझ्याकडे बघत राहिली. पावडरीचे डबे तीही फोडायची. मी खरं बोललो असतो तर ती वाचली असती का, हे विचारायची हिंमत मला आजवर झाली नाही.

आता माझ्या पायाचा रिपोर्टही तसाच आला आहे. या वेळी डॉक्टरांना सगळं सांगितलं.

६. अट एकच. धडधाकट पक्ष्यांच्या पाण्यात पावडर पडणार नाही. धाकटा म्हणतो, बंद केली तर पिल्लं पटापट मरतील. त्याचंही खोटं नाही, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते, एकाचा रोग सगळ्यांना लागतो. पिल्लं किती घ्यायची, कशी जगवायची, हे थोरलीने ठरवावं आणि त्याने ऐकावं.

साक्षीदार : शाळेचा शिपाई (वाचून सही), खाद्याच्या गाडीचा ड्रायव्हर (ऐकून सही). दोघांना यातलं काही मिळत नाही.

ठिकाण : शेडमागची खोली. सोमवार, सकाळ.
सही : थोरलीचा आणि धाकट्याचा बाप

थोरले, याची नक्कल तुला आजच पाठवतो. शुक्रवारी नवी पिल्लं येणार आहेत. उतरवून घ्यायची की गाडी परत पाठवायची, हे आता तू सांग. माफ कर असं म्हणत नाही. फोन उशाशी ठेवला आहे. गुरुवारी सकाळी मला आत नेतील, त्याआधी कळव.