तीन हाका

४ ऑक्टोबर १९८६, शनिवार

दुपारी तीनपर्यंत सगळं सामान लागलं. पुस्तकांच्या अकरा पेट्या, शिवणयंत्र, आईचं कपाट. ट्रकवाला म्हणत होता दोन दिवस लागतील. माझ्या हाताखाली काम करायची त्याला सवय नव्हती.

घर छोटं आणि कोरडं आहे. समोर पंधरा पावलांवर मोंब्राकचं चर्च, वर टेकडीवर गडाचा उरलेला बुरूज. एकतीस वर्षं लिमोजच्या शाळेत मुलींना गणित शिकवलं. आता खिडकीतून बाराव्या शतकाकडे बघत कॉफी प्यायला हरकत नसावी.

या घराबरोबर चर्चची किल्ली येते. इथे जो राहील त्याने दार उघडायचं, संध्याकाळी लावायचं, पाहुण्यांना तळघरातली थडगी दाखवायची. पाद्री अकरा गावांना मिळून एकच, तो महिन्यातून एकदा येतो. आधी चाळीस वर्षं किल्ली क्लेमाँसबाईंकडे होती. आता त्यांचे गुडघे गेले, म्हणून त्या खाली भाचीकडे राहतात. किल्ली द्यायला काठी टेकत स्वतः आल्या. हातभर लांब, ताकाच्या रवीसारखी जड. देताना म्हणाल्या, रूव्हिएरबाई, एकच नियम. कुलूप लावण्याआधी उंबऱ्यात उभं राहून तीनदा हाक मारायची, कोणी आहे का म्हणून. प्रत्येक हाकेनंतर एकदा ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणून होईल इतकं थांबायचं. तळघर खोल आहे, दार चार बोटं जाड आहे. हाक मारली की जबाबदारी आतल्याची, नाही मारली की तुमची.

मी म्हटलं, मी माणसं मोजीन. त्या म्हणाल्या, मोजा की. पण हाकही मारा.

१२ ऑक्टोबर

आठवड्यात एकोणीस पाहुणे. बहुतेक गड बघायला येतात, तो सप्टेंबरनंतर बंद असतो, मग रागारागाने खाली चर्चमध्ये शिरतात. दारामागे मेजावर अभिप्रायाची वही आहे. लोक काय वाटेल ते लिहितात. एकाने लिहिलं आहे, चर्च छान आहे पण थंड आहे. आठशे वर्षं थंड आहे, त्याला काय करणार.

चर्चच्या मागच्या खोलीला मी कुलूप घातलं. दिव्यांचं बटण आणि घंटेचा दोर तिथेच आहेत, आणि कोणीही पोर येऊन घंटा बडवत होतं. आता शिस्त आहे.

हाक मात्र मारवत नाही. रिकाम्या चर्चमध्ये ओरडणाऱ्या बाईला बघून पाववाली आपली गाडी थांबवून हसली. परवापासून एकदाच मारते. क्लेमाँसबाईंना कसं कळलं देव जाणे. म्हणाल्या, वर्गात काय मुक्याने शिकवत होता, मास्तरीणबाई? मी तीन मिनिटांचा हिशेब सांगितला, की वर्षाला अठरा तास वाया जातात. त्या म्हणाल्या, जातील. मेल्यावर भरपूर मिळतात.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या मृतांचा सण. बहिणीकडे लिमोजला निघाले आहे, हे बसमध्ये लिहिते. प्रार्थना यंदा पलीकडच्या गावात आहे, त्यामुळे मंगळवारपर्यंत चर्च बंद.

दुपारी एक डच गृहस्थ आले, योस्ट तेरहार, सत्तरीचे. टोपी काढून हातात धरून बोलत होते, पुस्तकी पण शुद्ध फ्रेंच. बायकोने या भागातल्या त्रेसष्ट चर्चची यादी केली होती. ती गेली, म्हणून ते एकटेच पायी यादी पुरी करत होते. आमचं शेवटचं. मी तळघराचा जिना दाखवला आणि बॅग भरायला घरी आले.

चार वाजता कुलूप लावलं. खाली बसचा भोंगा वाजत होता. कुलूप लावताना आत काहीतरी वाजलं. कबुतर असावं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ते आत होते.

खांबाआडच्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून बसलेले. मी आधी त्यांना रागावले. म्हटलं, महाशय, तुम्ही इथे काय करता. मग हात लावला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. कधी ते सांगता येणार नाही, आत तळघरासारखी थंडी. बहुधा शुक्रवारीच, बसल्या बसल्या. पोलिसांनी विचारलं, लावताना पाहिलं होतंत? मी म्हटलं, खांबाआडचा बाक दारातून दिसत नाही. मी तीनदा हाक मारली. उत्तर आलं नाही.

सरपंच लाकोंब म्हणाले, बाई, तुमचा काय दोष. क्लेमाँसबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, तीनदा? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग ठीक.

५ नोव्हेंबर

रोजनिशीत तरी खरं लिहावं.

सरपंचांना बोलावण्याआधी मी अभिप्रायाची वही पाहिली. चार पानं त्यांच्या अक्षरात होती. शुक्रवार, चार वाजून दहा: चुकून कुलूप लागलं आहे. सहा: समोरच्या घरात दिवा नाही. शनिवार: लांबून घंटा ऐकू येतात, लोक शेवंती घेऊन कबरींकडे जात असतील, ओरडून पाहिलं. रविवार: दारापाशी पवित्र पाण्याचं भांडं आहे, ते संपलं, देव माफ करील. सगळ्यात खाली, वाकडं: मादामना कोणी बोल लावू नये. त्यांनी ऐकलं नसणार.

पानं स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापली आणि चुलीत घातली.

हाक मी एकदाही मारली नव्हती. आणि ते कबुतर नव्हतं. दोन ठोके, मग थांबून तिसरा. कबुतर असं मोजून ठोकत नाही. आणि दाराला बाहेरून त्यांची काठी टेकलेली होती. कोणी विसरलं म्हणून मी ती बाजूला ठेवली. पुढची बस सोमवारी होती.

काठी नंतर मीच त्यांच्या बाकापाशी नेऊन ठेवली.

८ नोव्हेंबर

दाराला आतून नखांचे ओरखडे आहेत. मेण भरलं, कापडाने घासलं. कोणाला दिसणार नाही.

११ नोव्हेंबर

आज महायुद्ध संपल्याचा दिवस, सकाळी शहीद स्मारकापाशी गाव जमलं होतं. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, आजारी माणसाशी बोलतात तसे. पाववालीने एक पाव जास्त दिला. मी घेतला.

चार वाजता क्लेमाँसबाई मुद्दाम वर आल्या. म्हणाल्या, मारा बघू हाक, मला ऐकायची आहे. उंबऱ्यात उभी राहून मारली. कोणी आहे का. थांबले. दुसरी. थांबले. तिसरी.

खालून, तळघरातून उत्तर आलं. हो मादाम, मी आहे.

क्लेमाँसबाईंच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हणाल्या, आता लावा.

मी लावलं.

१४ नोव्हेंबर

त्यांची मुलगी आली होती, आनेके. उंच, दमलेली, वडिलांसारखीच नीट बोलणारी. त्यांचा बाक पाहिला, त्यावर बसली. मग म्हणाली, बाबा काही लिहिल्याशिवाय कुठल्याच चर्चमधून निघत नसत. वही चाळली. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि वर माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, पोरं पानं फाडतात.

तिने एकच विचारलं. त्यांना एकटं फार वेळ राहावं लागलं का? रात्री झोप येत नाही, हे कळलं तर येईल.

मी म्हटलं, काही मिनिटं.

तिने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आभार मानले. पत्ता लिहून दिला, कधी काही आठवलं तर कळवा म्हणाली.

१७ नोव्हेंबर

हाक मारते. रोज उत्तर येतं. काल जिन्यावरून आलं, आज पाण्याच्या भांड्यापासून. आवाज तसाच, अदबीचा. हो मादाम, मी आहे.

रोज लावते. दुसरं काय करणार — उघडं ठेवून घरी जाऊ?

१९ नोव्हेंबर

आज दाराच्या अगदी मागून. पहिली हाक पुरी व्हायच्या आत.

मेण सगळं गळून पडलं आहे.

वहीत कापलेल्या जागी चार पानं आहेत. कोरी नाहीत. शेवटची ओळ बदलली आहे. आता नुसतं — त्यांनी ऐकलं.

२० नोव्हेंबर

क्लेमाँसबाईंकडे गेले. सांगायला. भाचीने सूप वाढलं, मी ते नुसतं ढवळत बसले. त्या म्हणाल्या, सांगायचं असेल तर मला नको. जिने विचारलं तिला सांगा.

बरोबर आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार. साडेतीन

चर्चमध्ये बसून लिहिते आहे. आनेकेला पत्र झालं. ठोके, काठी, बस, कात्री, सगळं. तिच्या वडिलांचे तीन दिवस, तासातासाने. तेच वहीतही लिहिलं, खाली पूर्ण नाव, एदमे रूव्हिएर. पाकिटावर पत्ता घातला. संध्याकाळच्या टपालाला —

दार लागलं. वारा नाही.

कुलूप नाही, तरी हलत नाही. किल्ली खिशात होती. नाही.

पावणेचार

मागच्या खोलीची किल्ली घरी. म्हणजे दिवा नाही. घंटा नाही. शिस्त माझीच.

ठोकलं. दोन, मग थांबून — असंच का ठोकलं मी.

खांबाआड कोणीतरी बाकावर सरकलं. जागा करून देतात तसं.

चार

खाली बसचा भोंगा. शनिवारी बस नसते.

पावलं. भराभर, ताठ. या टाचा माझ्या ओळखीच्या आहेत.

किल्लीच्या भोकातून — राखाडी कोट. डाव्या खांद्यावर माझी बॅग. वाकून काठी उचलली, बाजूला ठेवली.

हाक मारत नाही. हाक मार, बाई. एकदा तरी

भोक अंधारलं. किल्ली आत आली.

ठोकते आहे. मी आहे, मी आहे —

थांबली. तिचा हात थांबला. तिने ऐकलं आहे, मला माहीत आहे, ऐकलं आहे. ती आता स्वतःशी काय म्हणेल तेही मला माहीत आहे. म्हणेल, कबु