बापाची अक्षरं भिंतीवर आली

शनवार, सांजवेळ

बापाची अक्षरं भिंतीवर पुन्हा दिसून राह्यली. दोनदा चुना मारला, तरी ओल आली की येतातच. बाप इथल्या दुकानाच्या तेलुगू पाट्या रंगवे. तेलुगू वाचता येत नव्हतं, पाहून पाहून काढे, पण हात असा की दुकानदार पाहतच राहत. डोकं फिरलं की घरच्या भिंतीवर लिहे, कोणत्याच भाषेतलं नाही असं. मग माझा कान धरून म्हणे, "वाच!" मी काय वाचू? नुसती रडत उभी राहायची.

आज वंदीला बोलावलं. माझी पोरगी, तेलुगू शाळेत सातवीत हाय. म्हटलं, "पाय बरं, तेलुगू हाय का हे?"

"नाही वं आई. हे कायच नाही."

जीव भांड्यात पडला. पण पोरगी तिथून हलेच ना. मग म्हणते कशी, "आजोबाचं हे एक अक्षर उलटं झालं." अन् चुलीतला कोळसा घेऊन ते नीट करून राह्यली.

"तुला काय ठाव गं, उलटं का सुलटं?" कोळसा हिसकला, पाठीत धपाटा घातला. हिनं आजोबाला पाह्यलं बी नाही. बापाचं हिच्यात उतरलं का, हेच मला खाऊन राह्यलं.

मग कंदील धरून मीच पाह्यलं. पोरीचं बरोबर होतं.

पण हे मला काऊन कळावं?