हिरवा चहा आणि तो करण्याचं साधन

तीर्थस्वरूप दादांना धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकलो खरा, पण सरळ व्हायला जरा वेळ लागला. कारण पुढे येईल).

तब्येत कशी आहे? खोकला गेला का, आणि पाठ काय म्हणते? पाठ काही म्हणत नाही, असं तुम्ही लिहाल हे मला ठाऊक आहे. गेल्या खेपेला मी आलो तेव्हा बागेच्या वरच्या टोकापासून खालच्या रस्त्यापर्यंत फळांच्या पेट्या तुम्ही स्वतःच्या खांद्यावरून उतरवत होता, आणि मधल्या दगडावर टेकून 'देखावा बघतोय' असं सांगत होता. देखावा चांगलाच आहे, दादा, पण प्रत्येक पेटीमागे बघावा इतका काही नाही. असो, त्यावर मी बोलणार नाही. मागे एकदा बोललो आणि गडी ठेवायला पैसे पाठवले, तर ते आले तसे परत आले. लोकरीचा कोट पाठवला, तोही परत आला, वर इस्त्री करून. (तो आता मीच घालतो. माप तुमचं, त्यामुळे बाह्यांत हात शोधावे लागतात.) घेणं तुम्हाला जमत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा या पत्रात देण्याघेण्याचा विषय नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हे पत्र टपालाने न पाठवता हमालाबरोबर पाठवतो आहे. आमच्या गल्लीत त्याला 'तार' म्हणतात, कारण तो कधीही लवकर पोहोचत नाही. त्याला पाणी द्या. बादलीभर द्या, लांबून चालत आले आहेत. आणि पत्र पुरतं वाचून होईपर्यंत त्याला दारातून हलू देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. धाकट्याला भाजीची जुडी आणायला पाठवलं तर तो जुडी आणतो आणि पिशवी तिथेच विसरून येतो, असं तुम्ही माझ्या लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतंत. त्यावर लोक अजून हसतात. तर कळवण्यास अभिमान वाटतो की तुमचा हाच धाकटा भाऊ यंदा खिंडीतल्या बाजारात एकटा जाऊन, सौदा करून, पिशवीसकट परत आला. (पिशवीसकट म्हणजे पिशवीपेक्षा बराच जास्त ऐवज घेऊन. तेही पुढे येईल.)

जाण्याचं निमित्त असं झालं, की डॉक्टरांनी माझा दुधासाखरेचा चहा बंद केला आणि हिरवा चहा प्या म्हणाले. कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडी आणली आणि आपल्या घरची शिस्त लावली: पातेल्यात पानं टाकली, मोठी आच केली, खदखदून उकळी आणली, ती खाली बसू दिली, पुन्हा आणली. जे तयार झालं त्याचा रंग शाळेच्या भिंतीसारखा होता. तुमच्या भावजयीने एक घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "यात कुणाची छत्री भिजत घातली होती का?" उरलेला मी कुंडीत ओतला. ते रोप आता खिडकीच्या उलट्या बाजूला कललं आहे. दोष माझ्या हाताचा असणं शक्य नव्हतं, म्हणजे तो पानांचा होता. आणि चांगली पानं मिळतात ती डोंगरावर, वर्षातून एकदा खिंडीत बाजार भरतो तिथे. म्हणून दुकानाला कुलूप लावून मी पाव किलो चहा आणायला निघालो.

बाजार काय वर्णावा. शेवटच्या वळणापर्यंत ट्रकमधून गेलो आणि पुढे चढ चालून वर पोहोचलो, तर डोंगराच्या दोन्ही अंगांची माणसं तिथे उतरलेली. दोरांवर टांगलेली घोंगडी, हातांनी मापून विकले जाणारे दोरखंड, मिठाचे खडे, तांब्याची भांडी. जनावरांच्या गळ्यातल्या घंटा विकणाऱ्याकडे तर गिऱ्हाइकं घंटा स्वतःच्याच कानाशी वाजवून पाहत होती, आणि त्यानंतर भाव ऐकू आला नाही म्हणून तक्रार करत होती. मी सवयीने बारक्या पेचकसांची डबी खिशात टाकली होती. एका आजीबाईंचा दोऱ्याने बांधलेला चष्मा मी तिथल्या तिथे सरळ करून दिला. त्यांनी तो घातला, नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि काढून ठेवला. पण बातमी पसरली आणि माझ्यापुढे रांग लागली. चष्मेवाला असावा तर असा, असं काहीतरी ते लोक आपसात म्हणत असावेत. भाषा कळत नव्हती, पण सूर तसा होता.

भाषा कळत नाही म्हणूनच तिथे तोंडाने भाव करत नाहीत, कापडाखाली करतात. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा उजवा हात धरतात, वरून फडकं टाकतात, आणि बोटं दाबून भाव ठरतो. शेजारच्याला कळत नाही, शेजारच्याच्या बायकोलाही कळत नाही. हात सोडला तर नकार, घट्ट धरून हलवला तर सौदा पक्का. आणखी एक नियम आहे: व्यापाऱ्याचा डावा हात ज्या वस्तूवर असेल, तीच वस्तू विक्रीची. हा शेवटचा नियम मला सौद्यानंतर कळला, एवढी एकच बारीक गोष्ट सोडली तर मी त्या दिवशी अप्रतिम खेळलो.

एक दाढीवाला व्यापारी खेचराला टेकून उभा होता. खेचराच्या पाठीवर चहाचं पोतं, मोकळ्या तोंडाचं. मी चिमूटभर पानं घेऊन हुंगली. वास असा, की नुकताच पाऊस उघडलेल्या कुरणातून कुणीतरी धुतलेले कपडे घेऊन गेलं असावं. मी बोटाने पोत्याकडे दाखवलं. त्याने फडकं काढलं. मग तासभर आमची बोटं एकमेकांशी भांडली. मी चेहऱ्यावर एक सुरकुती हलू दिली नाही. (तुम्ही मला जुडीवरून बोलत होता तेव्हा मी जो चेहरा करायचो, तोच.) तो बोट दाबे, मी अर्धं दाबे. तो आकाशाकडे बघे, मी त्याहून वरच्या आकाशाकडे बघे. भोवती माणसं जमली, घंटावालासुद्धा वाजवायचं थांबला. भाव पाव किलोच्या मानाने जरा चढा वाटत होता, पण माघार घेणारा मी कोण? मी हात घट्ट धरून हलवला. व्यापाऱ्याने मला मिठी मारली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला फारच खाली खेचलं असं वाटून मला वाईट वाटलं. मग त्याने माझ्या हातात एक दोरी दिली. चहा बांधायची असेल म्हणून मी ती घेऊन ऐटीत निघालो, आणि पोतं माझ्यामागून चालत यायला लागलं तेव्हा वळून पाहिलं.

डावा हात, दादा, लगामावर होता.

आता तुम्ही याला फसगत म्हणाल. मी म्हणत नाही. नीट विचार केला तर खेचर रास्त भावात आणि वरचा चहा फुकट, असा सौदा त्या दिवशी बाजारात दुसऱ्या कुणालाही साधला नाही. जनावरही साधंसुधं नाही. पाय पक्का, उतारावर मी दोनदा घसरलो आणि ते एकदाही नाही. (माझी पाठ धरली ती तेव्हाच. नमस्काराचा खुलासा झाला.) चेहऱ्यावर कायम एकच भाव, 'हे असंच होणार हे मला माहीत होतं.' पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा चेहरा कुठे पाहिलाय असं वाटलं. ते मी इथे लिहीत नाही.

घरी पोहोचलो तेव्हा तुमची भावजय दारात उभी होती. तिने खेचराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एवढंच विचारलं, "पाव किलो म्हणाला होतात ना?" तेव्हापासून त्याचं नाव पावकिलो पडलं. त्याला मागच्या अंगणात बांधलं. दुकानाचं मागचं दार तिथेच उघडतं, हे पावकिलोच्या लवकर लक्षात आलं, माझ्या उशिरा. डोळे तपासायचा माझा पुठ्ठ्याचा तक्ता त्याने खालून खायला सुरुवात केली आणि बारीक अक्षरांच्या सगळ्या ओळी संपवल्या. त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला शेवटची ओळ स्पष्ट वाचता आली. नजर उत्तम आहे असं सांगून सगळ्यांना परत पाठवावं लागलं.

पण ज्यासाठी हा खटाटोप, तो चहा. एके सकाळी किटलीतलं पाणी उकळलं, ती खाली उतरवली, आणि पानं टाकणार तोच अंगणातून घरमालकांचा आवाज आला. पावकिलोने दोर सोडवून त्यांची वाळत घातलेली चादर अंगावर घेतली होती. मी धावलो. त्याला धरून, समजूत घालून, अंगणाला एक अख्खी फेरी मारून आणलं आणि हाशहुश करत आत आलो, तर पाणी निवलेलं. कढत होतं, पण उकळीचा राग गेलेला. आता पुन्हा कोण तापवणार म्हणून तेच पानांवर ओतलं. आणि दादा, पानं उघडली. सावकाश, झोपेतून उठल्यासारखी. पेल्यात कोवळ्या उन्हाचा रंग आला. कडूपणा नाही, छत्री नाही. तुमच्या भावजयीने घोट घेतला. आणि पेला पुन्हा पुढे केला. त्या एका पेल्याचा मला खिंडीतल्या सौद्यापेक्षाही जास्त अभिमान आहे.

तेव्हापासून पद्धत ठरून गेली आहे. पाणी उकळलं की किटली उतरवायची, आणि पावकिलोला अंगणात एक फेरी मारून आणायचं. मग पानांवर पाणी ओतायचं आणि त्याच्यापुढे बादली ठेवायची. त्याने पाणी पिऊन मान वर करेपर्यंत पानं भिजू द्यायची आणि लगेच गाळायचं. खेचर कधी घाई करत नाही आणि कधी रेंगाळत नाही, त्यामुळे चहा रोज सारखा होतो. गल्लीतली माणसं आता सकाळी काहीतरी कारण काढून येतात. शिंपी तर रोज तोच चष्मा सैल करून आणतो.

अडचण एकच आहे. चादरीनंतर घरमालकांनी बजावलं आहे, की रविवारच्या आत अंगणातून जनावर जाईल, नाहीतर आम्ही आणि दुकान. विकायला काढलं तर फक्त वीटभट्टीवाला आला. त्याने पावकिलोचे पाय असे दाबून पाहिले, की जणू विटाच मोजतोय. भट्टीवर जनावर किती टिकतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या भावजयीने त्याला चहासुद्धा विचारला नाही, आणि ती दारावर आलेल्या कुणालाही चहा विचारते.

तर तुम्हालाही डॉक्टरांनी दुधाचा चहा कमी करायला सांगितलाय हे आठवून, चांगल्यातला डबाभर हिरवा चहा पाठवतो आहे. करण्याची पद्धत वर दिलीच आहे. साधनही सोबत आहे.

सगळ्यांना विचारल्याचं सांगा. झाडांनासुद्धा.

आपला,
पिशवी न विसरलेला धाकटा

ता. क. साधन तारच्या उजव्या हाताला उभं आहे. दोरी तेवढी घ्या. बादली त्याच्यासाठीच सांगितली होती.

ता. क. दुसरा. परत पाठवू नका. त्याला इस्त्री होणार नाही. ही भेट नाही, नीट लक्षात घ्या, हा माझा घोळ आहे. लहानपणी झाडावर अडकलो तेव्हापासून माझे घोळ तुम्हीच निस्तरत आला आहात, एक आणखी. चूक झाली असं मला मान्य नाही, पण तुम्ही चूक समजून निस्तरलीत तर माझी हरकत नाही. कामाशिवाय राहिलं की ते बिघडतं, तेव्हा एखादी पेटी पाठीवर दिलीत तर बरं.

ता. क. तिसरा, माझ्या हातचा. दादा, नमस्कार. हे तारला भाकरी बांधून द्यायला गेले आहेत, तेवढ्यात लिहिते. लिहू नकोस म्हणाले होते. पण यांना सौदा करता येत नाही असं तुम्ही जन्मभर समजावं, हे मला बघवत नाही. डाव्या हाताचा नियम यांना जाण्याआधीच माहीत होता. तारकडून शिकले, आणि मग कितीतरी दिवस स्वयंपाकघरात ताटं पुसायच्या फडक्याखाली माझ्याबरोबर बोटं दाबत बसायचे. व्यापारी मी, गिऱ्हाईक हे, आणि माझा डावा हात किटलीवर. गेले ते खेचरासाठीच. उतारावर पेटी वाहणारं हवं म्हणून बाजारभर फिरून गुडघे, खूर, दात बघून घेतलं, आणि चहा खरोखरच वर मागून घेतला. वीटभट्टीवाला कुणी आला नव्हता. घरमालकांनी मुदतही दिलेली नाही. ते रोज सकाळी त्याला भाकरी देतात आणि आज जरा रडवेले आहेत. तक्ता मात्र खाल्ला.

तुम्ही आल्यावर नेहमीसारखंच रागवा. जुडीचंही बोला. तेवढ्यावर ते खूश असतात.

चहाचं लिहिलंय ते सगळं खरं आहे. आज पावकिलोला खोगीर घालून दारात उभं केलं होतं, म्हणून हे किटली उतरवून एकटेच अंगणाला फेरी मारून आले. चहा चांगला झाला होता. मी तसं म्हटलं नाही, पेला पुढे केला.