हे पान कोणाला दिसावं?

४ फेब्रुवारी, दुलूथ

परत तेच! आज सहा जणांना चाचणीला बसवलं. चौघे त्याच प्रश्नावर अडकले – "हे पान कोणाला दिसावं?" खाली तीन पर्याय. एक निवृत्त प्लंबर तर खुर्ची मागे सारून उठलाच. "हे तुमच्या-तुमच्यातलं बोलणं आहे बाई, आमचं नाही."

बारा वर्षं मी प्रोग्रामर लोकांसाठी माहितीपुस्तकं लिहिली. आता कर्टिसला – आमच्या मालकाला – वाटतं की आमचं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क कोणालाही वापरता आलं पाहिजे. खाटकाला, न्हाव्याला, चर्चमधल्या आजीला. मलाही तेच वाटतं. मनापासून.

चर्चमधली आजी खरोखरच आली होती. वर्ना. वय एकाहत्तर. तीस वर्षं शाळेची बस चालवली, आता चर्चतर्फे घरी अडकून पडलेल्यांना जेवण पोचवते. म्हणाली, "पोरी, चाळीस मुलं घेऊन मी बर्फातून टेकडी उतरलेय. घाबरले ती आज!"

११ फेब्रुवारी

प्रश्न काढून टाकला. निर्णय माझा. आता 'ठेवा' दाबलं की पान तयार – जगाला दिसणार. ज्याला लपवायचंय त्याने आत जाऊन शोधावं.

माझी सहकारी पा हौआ भडकली. ती कोड लिहिते, मी शब्द लिहिते. "माणसं अडखळतात म्हणून पायरीच उखडायची?"

"समोर तू-मी बसलेलो नसतो. वर्ना असते."

"म्हणूनच सांगतेय ना!"

कर्टिसने टेबलावर बोटं वाजवली. ठरलं.

२ मार्च

शंभरातले एक्क्याण्णव जण आता शेवटपर्यंत पोचतात. आधी बावन्न होते. कर्टिसने केक आणला. पा हौआने खाल्ला नाही.

१९ मार्च

वर्नाचा फोन. रडत होती – आनंदाने! एकटीने पान केलं. कोणाचं घर कुठे, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोण किती वाजता घरी असतं – सगळं एका जागी. आधी कागद असायचे, ते तिच्या गाडीत हरवायचे. "नवऱ्याने जन्मभर मला मठ्ठ म्हटलं गं. आज हवा होता तो."

पान उघडून पाहिलं. रंग छान निवडलेत म्हटलं.

२२ एप्रिल

वर्नाचा फोन. आधी काही कळेचना. नुसतं "दार, दार" म्हणत होती.

ट्रिना म्हणून एक मुलगी. एकोणतीस वर्षांची, पदरी दोन वर्षांची लेक. नोव्हेंबरात शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातून नवऱ्यापासून पळून आली. कुठे राहते ते अख्ख्या चर्चमध्ये फक्त वर्नाला माहीत. पायाचं ऑपरेशन झालं म्हणून जेवण सुरू केलं होतं.

नवऱ्याने काल तिचं नाव इंटरनेटवर शोधलं. पहिलंच आलं ते वर्नाचं पान. नाव, गल्ली, घर नंबर. 'मागच्या दाराने या, घंटा बिघडली आहे. अकरा ते एक घरी.'

साडेअकराला त्याने मागचं दार ठोठावलं. तिला वाटलं जेवण आलं.

लेक शेजारणीकडे होती, म्हणून वाचली. त्याला पोलिसांनी विस्कॉन्सिनला जाणाऱ्या पुलावर पकडलं.

२३ एप्रिल

ट्रिना गेली. सकाळी, हॉस्पिटलमध्ये.

२४ एप्रिल

पा हौआने कोणालाही न विचारता सगळी पानं बंद केली. दोन तासांत कर्टिसने परत उघडायला लावली. "लोकांची पानं गायब झालीत, फोन थांबत नाहीयेत." फक्त वर्नाचं तेवढं बंद ठेवलं.

कंपनीचा वकील शांत होता. "अटींमध्ये स्पष्ट आहे. वापरणाऱ्याची जबाबदारी." त्या अटी सोप्या भाषेत मीच लिहिल्यात. चौदावा परिच्छेद. कोण वाचतं?

पा हौआने तिची खुर्ची खोलीच्या पलीकडच्या टोकाला नेली. 'मी सांगत होते' एवढं तरी म्हणायचं!

३० एप्रिल

अंत्यविधी. नंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच, पातळ कॉफी. वर्ना येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती – "मी मारलं तिला. माझ्या मठ्ठपणाने मारलं." ट्रिनाची आई ऐकत उभी.

वर्नाने माझा हात धरला. "तू इतकं सोपं करून दिलंस, आणि मला तेही धड जमलं नाही."

मी म्हटलं, "स्वतःला बोल लावून घेऊ नका."

बस्स! एवढंच निघालं तोंडातून. भित्री!

२० मे

वर्ना रोज फोन करते. दुपारी चारला. "कुठलं बटण राहिलं गं माझ्याकडून? नीट सांग. मी लिहून घेते."

तिच्या समोर बटण नव्हतंच. मी म्हणते, "बघून सांगते."

२१ मे

चारला फोन. "बघते."

१७ जून

पा हौआने आज खुर्ची ओढली आणि शेजारी येऊन बसली. दोघींनी तो प्रश्न नव्याने लिहिला. "हे नाव-पत्ते अनोळखी माणसाने वाचले तर चालेल का?" चालेल. नाही चालणार. दोनच.

वाचनालयात जाऊन अकरा जणांना दाखवला. एकही अडकला नाही! एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "छे, छे, अनोळखी कशाला?" – आणि दाबलंसुद्धा.

म्हणजे लोकांना कळत नव्हतं असं नाही. मला विचारता येत नव्हतं. एका दुपारचं काम होतं. एका दुपारचं!

१८ जून

कर्टिसला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. आवडलं त्याला, चेहऱ्यावर दिसलं. मग वकिलाला फोन लावला. वकील म्हणे, आत्ता बदललं तर चूक कबूल केल्यासारखं होईल. थांबा.

"किती थांबायचं?" पा हौआने विचारलं.

कर्टिस खिडकीतून तळ्याकडे बघत राहिला. "मला काय हौस आहे का, पा हौआ?"

तिने त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. मी नाही दिला.

८ जुलै

वर्नाने जेवण पोचवणं सोडलं. गाडीची किल्ली मुलीकडे देऊन टाकली. "माझ्या हातून आता काहीच नको, पोरी." आवाज इतका बारीक की मी फोन कानावर दाबून धरला.

हिने बर्फातून टेकडीवरून बसेस उतरवल्यात.

२१ जुलै

गेले तिच्या घरी. सांगून टाकलं.

तिने रूबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्या केल्या होत्या. ताटली माझ्यापुढे सरकवली, आणि मी बोलायला लागले. प्रश्न कोणी काढला. का काढला. कोण नको म्हणत होतं. १९ मार्चला पान मी स्वतः उघडलं होतं, पत्ते समोर होते, मी रंग बघितले. तिचं काही राहिलं नव्हतं. राहण्यासारखं मी समोर काही ठेवलंच नव्हतं.

तिने टेबलावरचं कापड सरळ केलं.

"एप्रिलपासून माहीत होतं तुला?"

"हो."

"मी रोज फोन करत होते."

"हो."

"आणि तू ऐकून घ्यायचीस."

तिने ताटली उचलली, वड्या परत डब्यात भरल्या. एकेक करून.

"जाताना दार ओढून घे."

२२ जुलै

चार वाजून गेले. फोन नाही.

५ ऑगस्ट

ट्रिनाच्या आईच्या वकिलाचा फोन. आमच्या कंपनीवर खटला भरलाय. मी शपथेवर सांगेन का? सांगेन म्हटलं. वर्नाचा जबाब कालच झाला म्हणे, पहिलं वाक्य त्याने मला वाचून दाखवलं – "मी वर्ना हॅल्व्हर्सन, आणि मी मठ्ठ नाही."